काल्याआधी

डॉक्टरांनी आपली दोन बोटं बेंबीच्या वर टेकवली, जरा दाबली, आणि विचारलं, "इथं?" गोपीनाथानं हो म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच आतून कुणीतरी हो म्हटलं. शब्द नव्हता तो. बंद खोलीचं दार आपण ढकलावं आणि पलीकडे बसलेल्या माणसानं पाय आखडून घ्यावेत, तसं त्या दोन बोटांखाली काहीतरी सरकलं आणि पुन्हा अंग चोरून बसलं. बाकाच्या कडेला धरलेले त्याचे हात ओले झाले. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातली ती सकाळ होती, माघ लागायला चार दिवस होते, खिडकीतून तळ्यावरचा गार वारा येत होता, आणि तरी घाम. डॉक्टरांना तो दिसला नसावा, किंवा दिसून त्यांनी बोलून दाखवला नाही. वयस्कर, पुण्याकडची भाषा बोलणारे गृहस्थ होते ते. कानाशी केस पांढरे झालेले, कोटाच्या बाहीवर कसल्यातरी औषधाचा जळका डाग. दुखतं कधी, त्यांनी विचारलं. जेवलं की बरं वाटतं, गोपीनाथ म्हणाला, मग ऊन अंगणातून ओट्यावर चढलं की तो येतो. दोन घास खाल्ले की जातो. उपास असला की दिवसभर बसतो. "कोण येतो?" डॉक्टर म्हणाले. गोपीनाथ जरा थांबला आणि म्हणाला, "ठणका."

मग डॉक्टरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. सारा जन्म मिठागरात उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय ते. घोट्याखाली कातडी पांढरी, चिरलेली, आणि टाचांच्या वर रुपयाएवढ्या दोन ओल्या जखमा. या भरतात का? पावसाळ्यात भरतात. पावसाळ्यातच का? तेव्हा आगर बंद असतं, खारं पाणी लागत नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, मग तुम्हाला मी निराळं काय सांगू, तुमच्या पोटात अशीच एक जखम आहे. अन्न जिरवायला पोटात पाणी सुटतं, तुमच्या खाऱ्या पाण्याहून कितीतरी जहाल. त्या पाण्यानं पोटच जिरून जाऊ नये म्हणून आतून बुळबुळीत लेप असतो, तुमच्या बांधाला चिखलाचा असतो तसा. एखाद्या जागी लेप झिजला की पाणी तिथं लागतं. पोटात अन्न असलं तर पाणी अन्नाच्या मागे जातं. नसलं तर कुणाच्या? बांधाच्या, गोपीनाथ म्हणाला. बांधाच्या, डॉक्टर म्हणाले, आणि शौचाला काळं होतं का म्हणून विचारलं. डांबरासारखं, दोनदा झालं होतं. ते ऐकून डॉक्टरांचं हसू गेलं. ते रक्त आहे, ते म्हणाले. बांध पाझरायला लागला आहे. मग त्यांनी पांढऱ्या भुकटीच्या पंधरा पुड्या बांधून दिल्या. दर दोन तासांनी एक लोटा दूध, त्यात चुन्याची निवळी. तिखट नाही, सुकट नाही, ताडी नाही, आगरात उतरणं नाही. या पुडीनंसुद्धा शौच काळं होईल, त्याला घाबरू नका. "आणि उपास करायचा नाही," ते म्हणाले. "आणखी एक मोठा उपास, आणि बांध फुटेल. फुटल्यावर मचव्यात घालून इथं आणू नका. तेवढा वेळ नसतो."

भरती लागली तशी मचवा सुटला आणि ठाण्याची घरं मागे पडली. गोपीनाथ नाळेशी, मचव्याच्या पुढच्या टोकाला, पाय पोटाशी घेऊन बसला होता, मांडीवर पुड्यांचं पुडकं. दोन्हीकडे चिखल, चिखलावर तिवरं, तिवरांच्या मुळांतून वर चढणारं पाणी. पाणी चढतं तेव्हा आवाज करत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं; चढलेलं असतं तेव्हाच दिसतं. जखम आहे. नुसती जखम. त्यानं तो शब्द ओठांत फिरवून पाहिला. त्याच्या बापानं त्याला बांध राखायला शिकवलं होतं: ओहोटीला उतरायचं, जिथं पाणी दातांनी कुरतडल्यासारखं खाऊन गेलंय तिथं हातानं चिखल थापायचा, आणि मग थांबायचं, घाई करून उघाडी, बांधातलं पाण्याचं दार, उघडली तर रात्रीत सारं आगर खाडीच्या पोटात. म्हणजे दूध हा चिखल, आणि दोन तास ही ओहोटी. डॉक्टरांचं बोलणं त्याला असं लख्ख कळलं होतं की त्या कळण्याचीच भीती वाटत होती. कारण नऊ वर्षं त्याला दुसरंच काही कळलेलं होतं. नऊ वर्षं तो जेवायला बसला की पहिला घास उचलताना त्याला वाटे, हा माझा नाही. आणि घास खाली उतरून आतलं गप्प झालं की वाटे, पोचला. तो जर नुसती जखम असेल, तर मग सहदेव कुठं आहे? कुठंच नाही, असं पाणी म्हणालं. मचव्याच्या फळीला ते हळूच थापट्या मारत होतं, माणूस आपल्याच पोटावर मारतो तशा.

सहदेव हे नाव गावात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. देशावर दुष्काळ पडला ते साल, शके सतराशे अठ्ठ्याण्णव. माळशेज उतरून माणसं कल्याणाकडे येत होती, बाजारात, फाटकाशी, देवळांच्या पायऱ्यांवर. कुणी गिरणीच्या कामाला मुंबईकडे जात, कुणी तिथंच बसून राहत. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीला लागून असलेल्या गोपीनाथाच्या गावापर्यंत ती फारशी पोचली नव्हती. गावात माघाचा सप्ताह चालला होता. सात दिवस विठ्ठलाच्या देवळात पारायण, हरिपाठ, कीर्तन. आणि द्वादशीला सकाळी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, मग साऱ्या गावाचं जेवण. कल्याणचे बुवा दरसाल यायचे. त्यांचा आवाज असा होता की तो कानांनी ऐकावा लागत नसे, आपण त्यात उभे असायचो. गोपीनाथ त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राही आणि वर्षभराचं खारट अंग त्या सात दिवसांत गोड होई. त्या वर्षी मात्र काल्याच्या स्वयंपाकाची जबाबदारी त्याच्याकडे होती. देवळामागे तीन चुलाणं पेटली होती, भात शिजून निथळत होता, आणि भाताची पेज एका पातेल्यात वाफाळत होती, तेव्हा तो माणूस कुडाशी येऊन उभा राहिला. अंगावर घोंगडीचा तुकडा. गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र कमालीचे स्वच्छ. नाव सहदेव म्हणाला, मुलखाचं नाव सांगितलं, ते गोपीनाथ पुढं विसरला. "लई भूक लागलीया, मालक," तो म्हणाला. "पेज असली तरी चालंल." आणि गोपीनाथ, ज्यानं कधी दारच्या कुत्र्यालाही हाकललं नव्हतं, प्रेमानं म्हणाला, थांबा जरा. हंडी फुटल्याशिवाय गावात कुणाच्या तोंडात शीत जात नाही, लेकरंसुद्धा थांबलीत. चला, बुवांचं कीर्तन ऐका, भूक विसराल. असं म्हणून त्यानं त्याला हाताला धरून देवळात नेलं आणि पुढं, खांबाशी, चांगली जागा बघून बसवलं. कोपराच्या वर धरलेला तो हात किती बारीक होता, हे त्याच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. त्यानं बोटांचं ऐकलं नाही.

आणि कीर्तन काय झालं त्या दिवशी! बुवांनी रानातला काला लावला. गोपाळ गाई सोडून आले आहेत, कुणाची शिदोरी ताकातली, कुणाची नुसती कोंड्याची भाकर. देव मधोमध बसला आहे आणि एकेकाच्या हातातला घास मागतो आहे, उष्टा आहे म्हणतात तर म्हणतो, उष्टा आहे म्हणूनच दे. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. गोपीनाथ चुलाण सोडून टाळ घेऊन आत येऊन उभा राहिला होता, त्याच्यानं राहवलंच नाही. बुवांना रंग चढला, तासाचं कीर्तन दोन तास झालं, अडीच झालं. आणि खांबाशी बसलेला तो माणूस डोलायला लागला. डोळे अर्धे मिटलेले, मान मागे टेकलेली, ओठ हलत होते. नाम घेतोय, कुणीतरी म्हणालं. बुवांनी ते पाहिलं आणि त्याच्यासाठी म्हणून आवाज आणखी वर नेला. मग डोलणं थांबलं. अष्टसात्त्विक भाव, बुवा भरल्या गळ्यानं म्हणाले, पाहून घ्या, पुन्हा दिसायचे नाहीत. सगळ्यांत आधी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं ते गोपीनाथानं. पाय थंड होते. त्याला वाटलं, समाधीत पाय थंडच पडत असणार. त्याच्यामागून सारं गाव रांगेनं वाकलं, हंडी फुटली, पंगत बसली, आणि केळीच्या पानावर पहिलं वाढून समाधीतल्या महाराजांपुढं ठेवावं म्हणून गोपीनाथच ते पान घेऊन गेला, तेव्हा त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांवर एक माशी बसलेली होती आणि उडत नव्हती.

काळूदादानं, म्हणजे गोपीनाथाच्या चुलतभावानं, सप्ताहाच्या कारभाऱ्यानं, लगेच सांगून टाकलं की असं मरण राजालाही येत नाही. खांबाशी चौथरा बांधला गेला. त्याला चुना, वर शेंदराचा गोळा, माघ द्वादशीला हार. काल्याचे महाराज. मूल होत नसलेल्या बायका तिथं नारळ ठेवत आणि त्यांतल्या दोघींना मुलं झाली. गोपीनाथाला बोलायला हवं होतं; पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, मग महिन्यानं, मग वर्षानं. पण लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, यानंच हाताला धरून महाराजांना आणलं, भाग्याचा माणूस. ते ऐकताना त्याची मान खाली जाई आणि लोकांना ती नम्रता वाटे. दुसऱ्या सप्ताहापासून त्यानं सातही दिवस निर्जळ धरले, फक्त तीर्थ. कुणाला कारण सांगितलं नाही. त्याच वर्षी केव्हातरी तो आला. आधी दिवसातून एकदा, एखाद्या ओळखीच्या माणसानं ओट्यावर डोकावून जावं तसा. मग रोज, ठरल्या वेळेला. कुरतडणं म्हणावं तर तसं नाही, जळणं म्हणावं तर तसं नाही. भूक होती ती. पण आपली भूक आपल्याला ओळखू येते, तिचा आवाज, तिची जागा. ही दुसऱ्या कुणाची होती, आणि देशावरची होती, कोरड्या रानातली. कल्याणच्या वैद्यांनी तिला परिणामशूळ असं नाव दिलं, ज्येष्ठमध आणि शतावरी तुपातून घ्यायला सांगितलं, महिनाभर बरंही वाटलं. पुढं सप्ताह आला. भगतानं लिंबू कापलं, कोंबडा मागितला आणि खाडीतल्या कुणा बाईचं नाव घेतलं. गोपीनाथ मनात म्हणाला, चुकलास, बाई नाही.

ठाण्याहून आल्यावर त्यानं गोदाला सगळं सांगितलं, म्हणजे डॉक्टरांचं सगळं. गोदा त्याची बायको, बोलायला थोडकी, हाताला खंबीर. तिनं पुड्या मोजून शिंक्यावर ठेवल्या, चुना भिजत घातला, शेजारच्या म्हशीचं दूध ठरवलं, आणि घड्याळ गावात नव्हतं म्हणून स्टेशनावरून जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्यांवर दोन-दोन तास बसवले. शिट्टी झाली की ती लोटा घेऊन उभी. काळूदादा ओट्यावर येऊन बसला की चेष्टा करी, या वयात हा पुन्हा अंगावर प्यायला लागला, आता याचं बारसं करूया. आणि मग आवाज खाली करून विचारी, पण सप्ताहात काय करणार तू? गोपीनाथ लोटा तोंडाला लावी. दूध पोटात जाई, पांढरं, कोमट, चुन्याची कळत-नकळत चव असलेलं, आणि तो डोळे मिटून त्याच्यामागून जाई, आत, खाली, जिथं बांध खाल्ला गेला होता तिथंवर. तिथं कुणी हातानं चिखल थापत होतं. हात कुणाचा ते दिसत नव्हतं. चार दिवसांत ठणका उशिरा यायला लागला. सहाव्या दिवशी आलाच नाही. सप्ताह बसला, आणि गोपीनाथानं नऊ वर्षांत प्रथम सप्ताहात तोंडाला काही लावलं, घरात, दार लोटून. मग देवळात जाऊन टाळ घेतला, आणि हरिपाठ कसा हलका, कसा गोड झाला त्याचा! घरी येताना बांधावर उभा राहून तो आनंदानं रडला. आणि रडताना त्याच्या ध्यानात आलं की आत कुणी नाही.

रिकामं होतं तिथं. पाणी सोडून दिलेल्या कोंडीसारखं, तळाला नुसती मिठाची खपली. त्यानं पोटावर हात ठेवला, दाबला, डॉक्टरांनी जिथं दाबलं होतं तिथंच, आणि वाट पाहिली. काही सरकलं नाही. नऊ वर्षं ज्याला रोज घास घातला तो निघून गेला, आणि जाताना काही बोलला नाही. त्याला बरं वाटत होतं; तेच त्याला सोसवेना. बरा झालेला माणूस कुणाची क्षमा मागणार? दशमीला बुवांच्या कीर्तनात त्यानं तीनदा खांबाकडे पाहिलं, तिथं शेंदूर होता, झेंडूचा हार होता, आणि चौथऱ्याच्या वर, माणूस बसला असता तर जिथं त्याचं डोकं टेकलं असतं, तिथं लाकूड इतर ठिकाणाहून जरा काळपट, तेलकट होतं. ते आधीपासून तसं होतं का, हे त्याला आठवेना. एकादशीला पहाटे गाडीची शिट्टी होण्याआधीच तो उठला आणि देवळात जायला निघाला. देवाच्या दारात बसतो म्हणाला, दूध नको, पाठवू नकोस. गोदानं त्याच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, डॉक्टर काय बोलला ते मना माहीत हाय, तुमाला पण माहीत हाय. तो म्हणाला, एकच दिवस. ती लोटा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती, आणि तो पायवाटेनं जाताना त्याला पाठीला तिची नजर लागत होती, बोटं दाबल्यासारखी. त्याला उपास करायचा नव्हता. त्याला बोलावणं करायचं होतं. ज्या वाटेनं तो पाहुणा येत असे ती वाट त्याला एवढी एकच माहीत होती.

तो आला. एकादशीच्या दुपारी दारातून डोकावला, संध्याकाळी बसला, द्वादशीला उजाडताना गोपीनाथाला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. देवळामागे चुलाणं पेटली, भाताचा वास आला, पेजेचा आला, आणि त्या वासानं आत कुणीतरी उठून उभं राहिलं. काल्याचं कीर्तन सुरू झालं. बुवा आता थकले होते, पण आवाज तोच. गोपाळ, गाई, रान, शिदोऱ्या. गोपीनाथ टाळ घेऊन मागे उभा होता, आणि टाळ वाजत होते, पण ते कोण वाजवतंय याची त्याला खात्री नव्हती. वर हंडी टांगलेली होती, तिच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यातून दह्याचं पाणी थेंब थेंब गळत होतं. त्याचे गुडघे वाकले. पडू नये म्हणून त्यानं हात पुढं केला, तो खांबाला लागला, आणि खांबाच्या आधारानं तो खाली बसला, चौथऱ्यावर, हारावर, पाठ लाकडाला टेकून. डोकं बरोबर त्या काळपट जागी लागलं. कुणी त्याला उठवलं नाही. पोटातला बांध खचत होता. खारं पाणी बरगड्यांतून पाठीकडे जात होतं. त्यानं मान हलवली, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, वेदना कुठल्या बाजूला कमी आहे ते शोधायला. आणि त्याला दिसलं की बुवा त्याच्याकडे पाहत आहेत, त्यांचे डोळे भरून आले आहेत, आणि त्यांनी त्याच्यासाठी म्हणून आवाज वर नेला आहे.

मग पायांना काहीतरी लागलं. उबदार, ओलं. कुणाचं तरी कपाळ. त्यानं डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला, पापण्या अर्ध्यावर थांबल्या. काळूदादा वाकलेला होता, त्याच्यामागे दुसरा कुणी, त्याच्यामागे रांग. गोप्याला समाधी लागली, गोप्यालाही लागली, असं कुणीतरी हळूच, आदरानं म्हणत होतं. त्यांचे हात त्याच्या पावलांवर येत होते, जखमांवरून जपून फिरत होते, आणि कपाळाकडे जात होते. आणि आता त्याला कळलं. नऊ वर्षं त्यानं हा दिवस बाहेरून पाहिला होता. आतून असा होता तो. असे हात लागत होते. असं गाणं चाललं होतं, इतकं गोड, आणि ते गाणं आपल्यापासून भाताच्या वासाइतकंच दूर होतं. त्या माणसाचे ओठ हलत होते, ते नाम नव्हतं. गोपीनाथाचेही ओठ हलत होते. जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं ती सोडवली. त्याला म्हणायचं होतं, गोदा. पण तोंडातून जो आवाज निघाला तो चिरका, कोरडा, वरच्या मुलखातला होता, त्याच्या घरात, त्याच्या गावात कधी कुणी तसं बोललं नव्हतं.

"लई भूक लागलीया, मालक."

टाळ थांबले. काळूदादानं वर पाहिलं, त्याचं तोंड पांढरं पडलं, आणि मग त्यानं दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले. महाराज आले, तो म्हणाला, आणि ते साऱ्या देवळात एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, महाराज आले, आणि लोक जास्तच वाकले, मागचे पुढं आले, पायांवर हात, हातांवर हात, आणि गोपीनाथ त्या सगळ्यांच्या खाली, खांबाशी, पाणी चढताना आवाज करत नाही तसा बुडत चालला होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी पुरुषांच्या रांगेत घुसलं. गोदा होती. पदराखाली लोटा. त्या देवळात काल्याआधी अन्न आत आणलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"सरा बाजूला," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "भुकेला माणूस हाय. दिसत नाय तुमाला?"

तिनं त्याची मान हातावर घेतली आणि लोटा ओठांना लावला. कोमट. चुन्याची कळत-नकळत चव. पहिला घोट बाहेर आला, दुसरा आत गेला. वर हंडी गळत होती, खाली दूध गळत होतं, आणि बुवा वीणा छातीशी धरून तसेच उभे होते. तळाशी दोन घोट राहिले तेव्हा गोपीनाथानं तोंड मिटलं आणि लोटा स्वतःच्या हातानं चौथऱ्यावर, खांबाला लागून ठेवला. मग तो बोलला, आपल्या आवाजात, काळूदादाकडे पाहून. "सहदेव नाव होता त्याचा. पेज मागितलेली माझ्याकडं. मीच बोललो, थांब." काळूदादाचे जोडलेले हात हळूहळू सुटले. त्यानं शेंदराकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे, आणि ते धोतराला पुसले. बुवा खाली बसले. ते म्हातारे झाले आहेत हे गावाला त्या वेळी दिसलं. मग उठून, कुणाकडे न बघता, त्यांनी फार खालच्या सुरात नाम धरलं, आणि एकेक करून टाळ लागले.

गोदा लोटा घ्यायला वाकली. तिनं तो उचलला, आणि तिचा हात मधेच थांबला. तिनं लोटा तिरका करून आत पाहिलं, बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. सगळं प्यायलात ना, असं विचारायला ती वळली होती, पण त्याचा चेहरा पाहून तिनं विचारलं नाही. तिनं एकदा खांबाकडे पाहिलं, जिथं लाकूड काळपट होतं तिथं, डोळे बारीक करून, कुणी ओळखीचं दिसतं का ते पाहावं तसं. मग पदर नीट केला आणि चुलाणाकडच्या दारानं बाहेर गेली. हंडी फुटली. पंगत बसली, पण त्या वर्षी पंगतीत कुणी हसत-बोलत जेवलं नाही. गोपीनाथ खांबाशीच बसून होता. आतलं शांत होतं; गेलेलं नव्हतं, नुसतं शांत, जेवून भिंतीला टेकून बसलेल्या माणसासारखं. ऊन देवळाच्या पायऱ्या चढून आत आलं. दूर रुळांवर गाडीची शिट्टी झाली, दोन तास झाले, आणि गोदा आली. तिच्या हातात दोन लोटे होते.